मला दिसत होतं

ऑक्टोबर हीट, नेरळची दमट हवा, नुसतं बसलं तरी पाठीवरून घामाची धार, आणि आमच्या बिजलीच्या अंगावर बोटभर लांब केस.

२०२३चा दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला घोड्यांची पूजा असते. सकाळी त्यांना आंघोळ घालायची, खरारा करायचा, कपाळाला हळदकुंकू लावायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची. लॅपटॉपला हार घालून त्याचा फोटो स्टेटसला टाकणारी मी पहिलीच पिढी. त्याआधी आमच्या घरात ‘शस्त्र’ म्हणजे खोगीर, लगाम आणि रिकिबी. मी पुण्याहून आदल्या रात्री आले होते. बाबा सुलतानला, म्हणजे आमच्या धंद्यातल्या तरुण घोड्याला, धुत होते. बिजली माझ्याकडे होती. पाणी टाकलं तर ते निथळेचना. केसांत मुरतच गेलं. पोटाखाली आणि मानेखाली हात फिरवला तर केस नुसते लांब नव्हते, कुरळेही होते. लहान पोराचं जावळ काढायचं राहून गेलं की कसं दिसतं, तसे.

“बाबा, हिचे केस बघितले का तुम्ही?”

“म्हातारी झाली ती. म्हाताऱ्या बायांना हनुवटीवर केस येत नाय का?”

आई ओट्यावरून म्हणाली, “माझ्याकडे बघून बोलू नका.” सगळे हसलो आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. आमच्या हवेत घोड्याला हिवाळी केस येतातच कुठे? आले तरी जानेवारीत जरासे दाट होतात आणि होळीपर्यंत झडतात. हिचे मागच्या हिवाळ्यातले झडलेच नव्हते. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तरी स्वेटर अंगावरच.

थोडं बिजलीबद्दल सांगते. बाबांनी तिला २००४मध्ये सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं. नंदुरबार जिल्ह्यातली ही यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. विकणारा म्हणाला चार वर्षांची आहे. बाबांनी ओठ वर करून दात बघितले आणि म्हणाले सहा. म्हणजे २०२३मध्ये ती पंचविशीची. घोडा साधारण पंचवीस-तीस वर्षं जगतो, काटक तट्टू त्याहून जास्तही. बिजली तट्टूच आहे. उंचीला माझ्या खांद्याच्याही खाली, रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. मराठीत ‘भाड्याचं तट्टू’ ही शिवी आहे, हे मला शाळेत वाक्प्रचार शिकताना कळलं. वर्गातल्या एका मुलाने मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं. भाड्याच्या तट्टूवरच आमचं घर चालत होतं. भीमथडीच्या असल्याच तट्टांवर मराठ्यांनी निम्मा देश पालथा घातला, हे उत्तर मला फार उशिरा सुचलं.

बाबा माथेरानला घोडा चालवतात. माथेरानमध्ये गाड्यांना बंदी आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. दस्तुरी नाक्याला गाडी लावायची आणि पुढे पायी, मिनी ट्रेनने किंवा घोड्यावर. परवान्याचे चारशेच्या वर घोडे तिथे आहेत. २०२२च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही आल्या आणि त्यावरून बरंच कोर्टकचेरीचं राजकारण झालं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि मी घोडेवाल्याची मुलगी असल्यामुळे तो मी लिहू नये. बिजलीने त्या लाल मातीत चौदा वर्षं माणसं वाहिली. एको पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लोट लेक, परत मार्केट. ती कधी कुणाला घेऊन उधळली नाही, त्यामुळे लहान मुलं आणि घाबरट काका तिच्याच वाट्याला यायचे. बाबांचा ठरलेला विनोद होता: नाव बिजली, चाल लोडशेडिंगची.

माझं इंजिनिअरिंग तिच्या पाठीवर झालं, असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. पाहुण्यांसमोर बाबा अभिमानाने म्हणतात. त्याकडे परत येते.

दसऱ्यानंतर मी दोन आठवडे घरून काम केलं. माझं काम कंपनीच्या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिम्स बांधण्याचं आहे. काहीतरी बिघडतंय हे ग्राहकाने फोन करून सांगायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच त्याचं सार. त्यात पहिली शिकवण अशी की एकेका आकड्याला काही अर्थ नसतो. रोजचं, नेहमीचं काय आहे ते माहीत असेल तरच आजचं वेगळं दिसतं. मला बिजलीचं नेहमीचं माहीत होतं, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात माझ्या डोक्यातली बिजली २०१८ची होती.

मग मी बघायला लागले. गोठ्याच्या बाजूला खाट टाकून, लॅपटॉप मांडीवर, मीटिंगमध्ये माइक बंद.

पहिलं पाणी. पूर्वी दिवसाला दोन बादल्या तिला पुरायच्या. आता आई चौथी भरत होती. आईच्या हे लक्षात आलं होतं, पण तिने ते ‘गरमी’ या खात्यात टाकलं होतं. जेवढं पाणी, तेवढी लघवी. सकाळी गोठ्यातला तिचा कोपरा चिखल झालेला असायचा आणि सुलतानचा कोरडा. एकच हवा, एकच गवत, शेजारी शेजारी दोन घोडे. याहून सरळ तुलना आम्हाला ऑफिसातही मिळत नाही.

दुसरं पोट. पोट सुटलं होतं, त्यामुळे लांबून ती धष्टपुष्ट दिसायची. येणारेजाणारे म्हणायचे, म्हातारी मजेत आहे. पण पाठीवरून हात फिरवला की कणा बोटांना लागायचा. जिथे चौदा वर्षं खोगीर बसलं, तिथलं मांस उतरून दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. लांब केसांनी ते झाकलं होतं. घोड्याची तब्येत डोळ्यांनी बघू नये, तळहाताने बघावी, हे मला आता कळलंय. डोळ्यांच्या वर खळगे असतात, म्हातारपणी ते खोल जातात. हिचे उलटे भरून आले होते, मऊसर सुजल्यासारखे. त्यामुळे चेहरा तरुण दिसत होता, हे आणखी फसवं.

तिसरं खाणं. ती गवत तोंडात घ्यायची, बराच वेळ चावायची आणि मग तोंडाच्या कडेने ओला, लांबट बोळा खाली पडायचा. गव्हाणीजवळ असे सात-आठ बोळे रोज सापडायचे. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात, वर्षाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून तेवढेच झिजतात. म्हणजे जन्माला येतानाच त्याला दातांचा ठरावीक साठा मिळालेला असतो. पंचविशीच्या आसपास तो संपत येतो. दाढांच्या कडा वाकड्या झिजल्या की त्या गालाला आणि जिभेला कापतात.

हे बोळे दिसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी मला तोपर्यंत दिसली नव्हती. बिजलीच्या वाट्याचा कडबा कोयत्याने अगदी बारीक केलेला असायचा. सुलतानचा लांब. हे बाबा पहाटे, आम्ही उठायच्या आत करायचे. तिची चंदीही रात्रभर भिजवलेली असायची, सुलतानची कोरडी. म्हणजे त्यांनी बघितलं होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. बघितलं होतं, त्यावर आपल्या परीने उपायही सुरू केला होता, आणि कुणालाही एक शब्द सांगितला नव्हता.

मला राग आला. मी तो त्यांच्यावर काढलाही. “डॉक्टरांना का नाही दाखवलं?” तर म्हणाले, “डॉक्टर येऊन काय सांगणार? वय झालंय हेच ना? त्याचे पैसे कशाला द्यायचे?” हे पैशांचं बोलणं खोटं होतं, कारण पैसे मी देणार हे त्यांना माहीत होतं. घोडेवाल्यांच्यात जनावर आजारी आहे असं तोंडाने म्हटलं की त्याच्यापुढचा प्रश्न आपोआप येतो: मग ठेवलंय कशाला? कामाला नाही, पोराबाळांना नाही, आणि आता आजारी. शब्द उच्चारला नाही तर प्रश्नही येत नाही.

मी एक्सेल शीट केली. हसू नका. नाडी, श्वास, ताप, पाणी, लीद, चारा. घोड्याची नाडी जबड्याच्या खालच्या कडेला, आतून येणाऱ्या शिरेवर बोट ठेवून मोजतात. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस, तट्टाची थोडी जास्त. श्वास आठ ते सोळा, कुशीकडे बघत मोजायचे. तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस, आणि थर्मामीटर शेपटीखाली लावायचा असल्यामुळे त्याला दोरा बांधून तो शेपटीला चिमट्याने अडकवायचा, नाहीतर थर्मामीटर शोधायची वेळ येते. (आली.) लीद दिवसातून साधारण आठ-बारा वेळा. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात अडकलेलं वर येऊच शकत नाही, म्हणून लीद थांबणं ही त्याच्या बाबतीत धावपळ करण्याची गोष्ट आहे. पोटाला कान लावून आतली गुडगुड ऐकायलाही शिकले. शांतता ऐकू आली तर घाबरायचं.

मी पुण्याला गेले की आईने ही माहिती व्हॉट्सॲपवर पाठवायची, असं ठरलं. आईने ती चुकून संपूर्ण खानदानाच्या ग्रुपवर पाठवली. गुलाबाच्या फुलांच्या ‘शुभ सकाळ’मध्ये लिदीचा फोटो. डोंबिवलीच्या आत्याने त्याला नमस्काराचे हात पाठवले. आत्या बहुतेक फोटो न बघताच हात पाठवते.

आकडे सगळे ठीक होते. हीच गंमत. नाडी ठीक, ताप नाही, लीद आठ-नऊ. दिवाळी गेली, डिसेंबर गेला. सीझन जोरात होता, बाबा पहाटे पाचला सुलतानला घेऊन घाट चढायचे आणि रात्री उतरायचे. बिजली बारीक होत होती, म्हणून त्यांनी तिची चंदी वाढवली. भिजवलेले हरभरे, कोंडा, वरून गुळाचा खडा. मी फोनवर म्हणाले, वा. मला आनंद झाला होता की निदान ते काहीतरी करतायत. जनावर रोडावलं तर खायला घाला, याच्याएवढं सरळ दुसरं काय असतं? आमच्या दोघांच्याही प्रेमाची भाषा तीच आहे.

संक्रांत सोमवारी आली, १५ जानेवारी २०२४. मी आदल्या शनिवारीच घरी आले होते. सणाच्या दिवशी आईने बिजलीला गूळपोळी दिली. मंगळवारी सकाळी ती जागची हलेना.

ती कशी उभी होती ते सांगते, कारण ते मी विसरणार नाही. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळं अंग मागे रेललेलं, भार मागच्या पायांवर. माणूस चटका बसणाऱ्या फरशीवर टाचांवर उभा राहतो ना, तसं. मोरखी धरून वळवायला गेले तर तिने दोन्ही पुढचे पाय एकदम उचलून टाकल्यासारखे केले आणि कण्हली. घोडा सहसा कण्हत नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे, कळपात जो दुखणं दाखवेल त्याच्यावर वाघाची नजर जाणार, त्यामुळे लपवणं त्याच्या रक्तात आहे. लपवणं संपतं तेव्हा दुखणं फार पुढे गेलेलं असतं. खुरांना हात लावला, गरम. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोटं ठेवली. एरवी तिथली नाडी शोधावी लागते. त्या दिवशी ती बोटांना ठोसे मारत होती.

बाबा म्हणाले, नालबंदाने खिळा आत मारला असणार. दोन्ही पायांत? ते गप्प झाले. मग आतल्या खोलीतून जुन्या इंजेक्शनची बाटली घेऊन आले. मी लेबल बघितलं, डायक्लोफिनॅक. गिधाडं मेली त्यात जनावरांसाठी याच्यावर २००६मध्ये बंदी आली. अशा बाटल्या कपाटांत कुठून उरतात कोण जाणे. मी ती काढून घेतली. त्यावरून आमचं जे भांडण झालं त्यात गिधाडांचा फारसा संबंध नव्हता.

घोडे बघणारे डॉक्टर आमच्या भागात सहज मिळत नाहीत. गुरांचे मिळतात. चार फोन, एक ओळखीतली ओळख आणि एक व्हिडिओ कॉल असं करत एक डॉक्टर मिळाले. मी कॅमेरा तिच्या पायांवर धरला होता. ते म्हणाले, जरा मागे जा, सगळी दाखवा. मी मागे गेले. दोन सेकंद शांतता. मग त्यांनी विचारलं, “हे केस कधीपासून आहेत?”

पायांबद्दलचा त्यांचा पहिला प्रश्न केसांबद्दल होता.

दुसऱ्या दिवशी ते आले. जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं: घोड्याच्या मेंदूखाली पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या एका भागाला डोपामीन हे रसायन सतत आवरून धरत असतं. म्हातारपणी डोपामीन पुरवणाऱ्या पेशीच झिजतात, लगाम सुटतो आणि ती ग्रंथी बेसुमार हार्मोन सोडायला लागते. त्याने केस झडायचे थांबतात, तहान वाढते, पाठीवरचं मांस उतरतं, पोट लोंबतं, डोळ्यांवरचे खळगे भरतात. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत हे बऱ्यापैकी सर्रास आहे आणि बऱ्यापैकी सर्रास ‘वय झालं’ या नावाखाली दडतं. रक्ततपासणीने पक्कं करता येतं, आणि आम्ही केलं. पण पंचविशीच्या घोड्याच्या अंगावर झडायचे राहिलेले कुरळे केस दिसले की निदान जवळपास तिथेच होतं. या आजारातल्या बऱ्याच घोड्यांच्या शरीराला साखर झेपत नाही. आणि ती झेपली नाही की दुखणं पायांत उतरतं. खुराचं कवच आतल्या हाडाला अगदी बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं, वेलक्रोसारखं. त्या पापुद्र्यांना सूज आली की पकड सुटायला लागते. घोड्याचं अख्खं वजन त्या पकडीवर टांगलेलं असतं. पकड पूर्ण सुटली तर हाड आत फिरतं, आणि मग फारसं काही उरत नाही.

“खायला काय देता?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी सांगितलं. हरभरे, कोंडा, गूळ. ते खालच्या आवाजात, एक एक पदार्थ, कबुलीजबाबासारखं सांगत होते. डॉक्टर चांगला माणूस. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, “सगळेच देतात. आता बंद करू.” तोंडात हात घालून दाढा तपासल्या, एक नव्हतीच, दोन हलत होत्या, गालाच्या आत जखमा. जमेल तेवढ्या कडा कानशीने घासून दिल्या.

मग ते दिवस. दोन रात्री आम्ही दर तासाला तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. बर्फ नेरळच्या मच्छीवाल्याकडून. गोठ्यात ब्रासभर रेती आणून टाकली, म्हणजे खूर रुततील आणि तळव्याला आधार मिळेल. गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचं, त्याबरोबर साखर जाते. औषधाची गोळी आहे, पर्गोलाइड, एकेकाळी माणसांच्या पार्किन्सन्सवर वापरत. ती मिळवायला आम्हाला तीन आठवडे लागले. रोज एक, मरेपर्यंत. याने आजार बरा होत नाही, आवरला जातो.

दुसऱ्या रात्री, दोन-अडीच वाजता, बाबा बादली धरून बसले होते आणि मी टॉर्च. बिजलीने मान खाली सोडून बाबांच्या खांद्यावर ठेवली होती. आणि मी बोलले. सात वर्षं पोटात होतं.

२०१७चा मे. मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन दस्तुरीवर बाबांबरोबर होते. सीझनला एक जास्तीचा हात लागतो. उतारावर बिजलीची मान हलत होती. पुढचा उजवा पाय टेकला की डोकं वर, डावा टेकला की खाली. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा असाच चालतो, दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलून भार चुकवतो. हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत नव्हतं, पण दहा-बारा वर्षं तिच्या मागे चालल्यावर एवढं कळतं. नेहमीचं माहीत होतं आणि आजचं वेगळं होतं. शेवटच्या वर्षाची फी जुलैत भरायची होती, सवलत धरूनही पन्नास हजारांच्या वर. एक गिऱ्हाईक आलं, ठाण्याचं कुटुंब. त्यातल्या काकांनी बिजलीकडे बघून विचारलं, “ये लंगडा रही है क्या?” बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “नहीं अंकल, इसकी चाल ही ऐसी है.”

काका बसले. सात पॉइंटचा राउंड. मीच लगाम धरून गेले.

त्यानंतर ती आणखी दीड वर्ष कामाला होती. मला नोकरी लागली, पहिले तीन-चार पगार झाले, मग २०१८च्या दिवाळीला बाबांनी तिचं खोगीर उतरवलं. घरात हे फार कौतुकाने सांगितलं जातं, की पोरगी कमवायला लागली आणि आम्ही बिजलीला पेन्शन दिली. मीही कॉलेजच्या मित्रांना असंच सांगते, ऐकायला छान वाटतं.

हे मी बाबांना त्या रात्री सांगितलं, म्हणजे मला दिसलं होतं हे. ते बराच वेळ पाणी ढवळत राहिले.

“मला दिसत होतं ना,” ते म्हणाले. “मार्चपासून. तुलापण दिसतंय ते मला माहीत होतं. म्हणून तर तुझ्याकडे बघितलं.”

“मग?”

“मग काय? तू बोललीस तसं मला बोलता आलं नसतं बाय. मला वाटलं, ही बोलली ना, मग चालेल.”

त्यांनी बर्फ संपल्याचं सांगितलं, मी आणायला उठले. फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे सुटेना म्हणून नळाखाली धरून उभी होते तेव्हा मला रडू आलं. कोणासाठी ते नीट सांगता येणार नाही. त्या वर्षी आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून, एकमेकांच्या परवानगीने तिला चालवलं, आणि दोघांनाही आपण एकटेच गुन्हेगार आहोत असं वाटत राहिलं. तिला यातलं काय कळलं असेल? तिने फक्त मान वरखाली केली होती. तेवढंच तिला सांगता येत होतं.

बिजली त्या खेपेला वाचली. पाचव्या दिवशी ती रेतीत आडवी झाली आणि आम्ही घाबरलो, पण ती नुसतीच झोपली होती. घोडा उभ्यानेही झोपतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं, आणि पाय दुखत असतील तर उठता येणार नाही या भीतीने तो आडवा होतच नाही. किती महिन्यांत ती अशी झोपली नव्हती, याची नोंद माझ्या शीटमध्ये नाही. तो कॉलमच मी केला नव्हता.

होळीच्या सुमाराला केस झडायला लागले. पुंजके पुंजके. गोठ्यात, अंगणात, आईच्या वाळवणावर. बाबांनी उरलेले न्हाव्याच्या मशीनने काढायला घेतले, वीज गेली आणि आठवडाभर म्हातारी अर्धी लांब केसांची, अर्धी तुळतुळीत फिरत होती. तो फोटो मात्र ग्रुपवर सगळ्यांनी नीट बघितला.

आता ती सव्वीसच्या पुढे आहे. पाय पूर्ण सुधारलेले नाहीत, खडीवर ती अजूनही जपून टाकते. गोळी भिजवलेल्या कुट्टीत घालून द्यावी लागते आणि कधी कधी ती गोळीच तेवढी बाजूला काढून गव्हाणीच्या कडेवर ठेवते. शीट चालू आहे. ती आता बाबा भरतात, म्हणजे मला व्हॉइस नोट पाठवतात आणि मी भरते. गेल्या वर्षी नाताळच्या आठवड्यात, वर्षातल्या सगळ्यात कमाईच्या दिवसांत, सकाळी नऊला त्यांचा फोन आला. मी स्टँडअपमध्ये होते. कट केला, तर परत आला.

“सुलतान डावा पुढचा आखडून टाकतोय. मान उचलतो. थोडीच आहे, गिऱ्हाइकाला कळणार नाय.”

“मग?”

“मग काय? खाली आणला. घाटातच आहे, चालत येतोय. लिहून ठेव.”

“बाबा, एकतीस तारखेपर्यंतचं बुकिंग...”

“हां, ते दिलं दुसऱ्याला,” ते म्हणाले, आणि मग फोन तोंडापासून लांब धरून सुलतानला काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मागून गाड्यांचे हॉर्न येत होते. सगळे वर चालले होते.

“कुठला पाय म्हणालात?”

“डावा. पुढचा डावा.”

मी लिहिलं.